मेंढ्यांचा तक्ता

चेकरबाईंना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात उभ्याने काम केलं. शिवून आलेला शर्ट उचलायचा, कॉलर उलटायची, बगलेची शिवण ताणायची, काजं मोजायची, लोंबणारा धागा तोडायचा, आणि शर्ट एक तर ‘पास’च्या ढिगावर टाकायचा, नाही तर ‘परत’च्या. कारखाना सुटून तीन वर्षं झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. रविवारी चर्चमध्ये उपासनेला बसल्या तरी पुढच्या बाकावरच्या माणसाची उसवलेली बाही त्यांना आधी दिसे, आणि पाळकसाहेबांचं प्रवचन नंतर ऐकू येई.

घरात तिघीजणी. मुलगा बोटीवर कामाला, वर्षातले नऊ महिने पाण्यात. सून एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने घ्यायची. “सून लोकांचं रक्त काढते आणि नात माझं आटवते,” असं चेकरबाई येईल-जाईल त्याला सांगत. नात चार वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव ज्याने ठेवलं त्याला एकदाही पश्चात्ताप झाला नसावा. पोरगी झोपेतसुद्धा पलंगाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची.

एके दिवशी जेवताना सून म्हणाली, “आई, आमच्या केंद्राला लागूनच एक पाळणाघर आहे. झोपाळे आहेत, वाळूचा खड्डा आहे. पुढच्या महिन्यापासून हिला तिथे घालावं म्हणते.”

चेकरबाईंनी घरावरून नजर फिरवली. दिवसभर या दोन खोल्यांत एकटीने करायचं काय?

“घरात आजी धडधाकट असताना पोरीला परक्यांच्या दारात ठेवायचं? मला दोन महिने दे. एका जागी बसायला शिकवते तिला. आणि प्रभू येशूचं प्रेम म्हणजे काय, तेही शिकवते. झोपाळ्यावर बसून कळणार आहे का ते?”

सुनेने पाण्याचा घोट घेतला. “दोन महिने. पण आई, तिला रडवायचं नाही.”

“मी कशाला रडवीन?”

पाळकीणबाईंनी सांगितलं होतं की इतक्या लहान मुलांना गोष्ट नुसती सांगून भागत नाही, ती हातांनी करू द्यावी लागते. चेकरबाईंनी पदर खोचला. शेजारच्या ट्रकचालकाच्या पाच वर्षांच्या जुळ्या मुलीही रोज दहा वाजता येऊ लागल्या. एकीला सगळे आधीची म्हणत, दुसरीला मागची, कारण दोघींच्या जन्मात अकरा मिनिटांचं अंतर होतं आणि आधीची ते कुणाला विसरू देत नसे.

पहिल्या आठवड्यात पाय धुण्याचा धडा झाला. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तसे आपणही एकमेकींचे धुवायचे. जुळ्यांनी एकमेकींच्या बोटांच्या बेचक्यांतसुद्धा साबण लावला. भिंगरीने घमेल्यात उडी मारली. मग पांघरुणाचा तंबू करून त्यात विजेरी लावली, प्रभू जगाचा प्रकाश आहे हे दाखवायला. भिंगरीने ती उघडून आतले सेल काढले. ओल्या कापसात घेवड्याचे दाणे पेरले, तर ही दर तासाला दाणा उकरून बघायची, जागा झाला का म्हणून.

मुली घरी गेल्या की चेकरबाई खोलीत येरझारा घालायच्या. कारखान्यात संध्याकाळी कळायचं की आज इतके पास, इतके परत. इथे काय मोजायचं? पोरीच्या डोक्यात काही उतरलं की सगळं घमेल्यातल्या पाण्याबरोबर मोरीत गेलं? महिना सरला. एक खुर्ची त्या दिवसातून चार वेळा हलवत, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवत.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या तीन मेंढ्या कापल्या आणि एका मोठ्या तक्त्यावर टाचल्या. मधोमध हात पसरलेल्या मेंढपाळाचं चित्र काढलं. कुणी चांगलं वागलं, खेळणं वाटून घेतलं, प्रार्थनेत डोळे मिटले, की तिच्या मेंढीला कापसाचा एक पुंजका चिकटवायचा. आठवडाभरात जिची मेंढी लोकरीने भरेल, तिची मेंढी मेंढपाळाच्या हातांत जाईल. त्या रात्री चेकरबाईंना कितीतरी दिवसांनी पडल्या पडल्या झोप लागली.

शुक्रवारपर्यंत जुळ्यांच्या मेंढ्या गुबगुबीत झाल्या. भिंगरीच्या मेंढीवर दोनच पुंजके होते आणि त्यातला एक पंख्याच्या वाऱ्याने उडून गेला होता.

“आजी, माझी मेंढी उघडीच आहे.”

“मग नीट वाग की. प्रार्थनेत मागच्या खेपेला कोण जीभ काढून बसलं होतं?”

“तिला थंडी वाजेल.”

“वाजेल तर वाजेल. तिलाच सांग, मालकिणीला म्हणावं सरळ बस.”

आधीची म्हणाली, “माझी मेंढी आता मावत पण नाही.” आणि भिंगरी गप्प झाली. ती गप्प झाली तिथेच चेकरबाईंनी ओळखायला हवं होतं. ते पोर गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय. पण चेकरबाई मुलींसाठी दूध गरम करायला स्वयंपाकघरात वळल्या.

दूध तापवून, निववून पेल्यांत ओतेपर्यंत मागची धावत आली. “आजी, आजी! भिंगरीने मेंढीचं अस्वल केलं!”

टेबलाखाली भिंगरी मांडी घालून बसली होती. इतकी स्थिर चेकरबाईंनी तिला कधी पाहिलीच नव्हती. हातात धागे तोडायची कारखान्यातली छोटी कात्री, शिवणाच्या डब्यातून काढलेली. समोर डिंक. आणि पुठ्ठ्याच्या मेंढीवर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, काळे मऊ केस चिकटवलेले. डाव्या बाजूची वेणी कानाशीच कापली गेली होती. कानाच्या पाळीवर रक्ताचा एक थेंब होता.

“आता घेईल ना?” भिंगरीने विचारलं.

“कोण?”

“येशू. आता ती उघडी नाही.”

चेकरबाई खालीच बसल्या. कात्री काढून घेतली, कान पुसला. ओरखडा होता, खोल नव्हता. पण कात्री बोटभर इकडे सरकली असती तर डोळाच होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. पाच वाजता सून येणार.

जुळ्यांना न्यायला त्यांची आई आली. तिने दारातूनच पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अगं बाई! काय केलं हे कार्टीने?” मग आवाज बारीक करून म्हणाली, “हे बघा, सांगून टाका की केसांत च्युइंगम अडकलं, म्हणून तुम्हीच कापले. माझ्या पोरी काही बोलायच्या नाहीत, मी बघते.”

“आणि कानाचं?”

“कानाचं काय, खेळताना लागलं. चार वर्षांच्या पोरांना लागतंच की.”

ती गेली. चेकरबाई खिडकीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून खिडकीपर्यंत फिरत राहिल्या. च्युइंगम. सुटसुटीत होतं. कुणाचंच नुकसान नव्हतं. खरं सांगितलं तर सून सोमवारी पोरीला उचलून पाळणाघरात घालणार, यात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी भिंगरीच्या डोक्याला एक रुमाल बांधला. सोडला. पुन्हा बांधला.

“आजी, तू का फिरतेस?”

“असंच.”

“माझी मेंढी लाव ना मग तिथे. हातांत.”

चेकरबाई तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. “येशू लोकर बघत नाही, बाळा.”

“मग तू का मोजत होतीस?”

एकतीस वर्षांत साहेबांनी, शिंपिणींनी, मालकांनी त्यांना नाना प्रश्न विचारले होते आणि प्रत्येकाला त्यांनी जागच्या जागी उत्तर दिलं होतं. आता त्यांनी नुसती ती मेंढी उचलून हातात घेतली. पुठ्ठ्यावरचे केस दमट डिंकात चमकत होते. पोरीने आजीचा धडा अक्षरन् अक्षर ऐकला होता, शिकवला तसाच शिकली होती. कुणी आपलं म्हणावं असं वाटत असेल तर आधी काहीतरी आणून द्यावं लागतं. कापूस मिळाला नाही, तर आपल्या डोक्यावर होतं ते तिने दिलं.

“माझं चुकलं,” चेकरबाई म्हणाल्या. हे वाक्य तोंडात इतकं अनोळखी वाटलं की त्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिलं. “आजीचं चुकलं. मेंढी कशीही असली तरी तो घेतो.”

“उघडी असली तरी?”

“हो.”

“जीभ काढली तरी?”

“तरी.”

“मग मी काय करायचं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?” भिंगरीला ते पटलेलं दिसलं नाही. तिने आजीकडे जरा संशयाने पाहिलं आणि स्वयंपाकघरात पळाली. तिथून झाकणं आपटल्याचा आवाज येऊ लागला. चेकरबाईंनी जुळ्यांच्या मेंढ्या सोडवल्या आणि तिन्ही मेंढपाळाच्या हातांवर टाचल्या.

पाचला दहा मिनिटं असताना फाटक वाजलं. चेकरबाईंनी भिंगरीच्या डोक्यावरचा रुमाल सोडला, घडी घातली, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“आधी मी बोलते,” त्या सुनेला म्हणाल्या. “मग तू पोरीकडे बघ.”

त्यांनी सगळं सांगितलं. तक्ता, कापूस, ‘वाजेल तर वाजेल’, आणि कात्री कुठे ठेवली होती तेही. सुनेने पर्स खाली ठेवली, गुडघ्यांवर बसून भिंगरीचा कान उजेडाकडे वळवला, ओरखडा पाहिला, मग ती उरलेली वेणी हातात घेतली. भिंगरीने स्वतःच खुलासा केला: “मेंढीला थंडी वाजत होती.”

“आई,” सून उठून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे चेकरबाईंना जास्त भीती वाटली. “हा तक्ता तुम्ही आत्ता केला असं तुम्हाला वाटतं. मी सहा वर्षं त्याच्यावर आहे. भाजीत मीठ जास्त, एक पुंजका कमी. उशीर झाला, एक कमी. मी मोठी आहे, मी सोसते. माझ्या पोरीने केस कापले.”

रविवारी सगळ्यांसमोर आपण सुनेचं कौतुक करतो, ते चेकरबाईंना सांगायचं होतं. पण तेही मोजूनच असायचं, हे आता ध्यानात आलं.

“खोटं सांगता आलं असतं तुम्हाला,” सून म्हणाली.

“च्युइंगम सांगणार होते.”

सुनेला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही कळलं नसावं. ती नाक पुसत म्हणाली, “सोमवारपासून पाळणाघर. हे आता ठरलं.”

“बरं.”

“साडेबारापर्यंतच. माझी सुट्टी साडेचारला. मधे आणायला कुणीतरी लागेल.”

“मी जाईन,” चेकरबाई इतक्या घाईने म्हणाल्या की सून चमकली.

सोमवारी त्या साडेअकरालाच पाळणाघराच्या कुंपणाशी हजर झाल्या. दारावरचा रखवालदार म्हणाला, “आजी, तासभर आहे अजून. बाकावर बसा की.” त्या बसल्या, उठल्या, कुंपणाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेल्या. आत रडत असेल का? कुणी केसांना हसलं असेल का? बोळक्यात वाळू भरून भरून दमली असेल का? साडेबाराला मुलं बाहेर आली. भिंगरीचे केस आईने दोन्ही बाजूंनी कानापर्यंत कापले होते. आजीला पाहून ती पळत आली नाही. आधी एका मुलाला तिने आजी बोटाने दाखवली.

“ती बघ माझी आजी. तिचं चुकलं होतं,” ती ठणकावून म्हणाली. “तरी पण ती माझीच आहे.”

चेकरबाईंना कुठे बघावं ते कळेना. रखवालदार ऐकत होता, दोन आया ऐकत होत्या. त्यांनी फाटकातून हात पुढे केला. वाळूने भरलेला चिकट हात त्यांच्या हातात आला, आणि पोरगी त्यांना ओढत भलत्याच दिशेला निघाली.