पुलापर्यंत आवाज

माझी मावशी शिंपीण. बाजारातलं चिंचोळं दुकान, खिडकीपाशी मशीन, आणि पन्नास वर्षं लोकांच्या पँटी आखूड करायचा उद्योग. तोंडात कायम चार टाचण्या. बोलते इतकं हळू की गिऱ्हाईक कान पुढे करून वाकतं आणि मावशी तेवढ्यात त्याच्या खांद्याचं माप घेऊन टाकते. आवाज हळू तो टाचण्यांमुळे, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. तिची धाकटी बहीण म्हणजे माझी आई, युद्धानंतर जन्मलेली. ती स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा शेजारचे ओ देतात.

खरं कारण मला आईनंच सांगितलं. युद्धात, मावशी सहा वर्षांची असताना, अख्खं गाव नदीच्या घळीतल्या गुहेत लपलं होतं. वर पुलावर शत्रूची चौकी. महिनाभर कुणी ब्र काढायचा नाही. मावशी भुकेनं रडायला लागली की आजी तिच्या तोंडावर तळहात दाबून धरायची. एकदा इतका दाबला की हलणारा दात पडला आणि मावशीनं तो गिळला. "त्या दिवशी पोटात गेलेली तेवढीच एक गोष्ट," असं मावशी सांगते आणि हसते.

पण त्या हाताबद्दल तिनं आजीला कधी माफ केलं नाही. आजीच्या शेवटच्या आजारपणात मावशीनं तिचं सगळं केलं, मात्र जवळ बसून दोन शब्द बोलली नाही. मावशीचं म्हणणं एकच: एवढ्या खोलातून पुलावर काय डोंबल ऐकू जाणार होतं?

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरवली. मावशी म्हणाली, "आधी गुहा."

"अगं, एकशे चाळीस पायऱ्या आहेत," आई म्हणाली.

"उतरायला गुडघा लागतो, तुझी परवानगी नाही."

आम्ही तिघी पुलावर पोचल्यावर मावशीनं आईला बाकावर बसवलं. "तू खाली यायचं नाहीस. कान उघडे ठेव आणि तोंड बंद." यातली दुसरी अट आईला जड गेली. डबा मांडीवर घेऊन ती फुरंगटून बसली.

मावशी कठड्याला धरून, आडवी होत होत उतरली. दर दहा पायऱ्यांनी थांबायची. दम लागला म्हणून नाही म्हणे, माझ्या जॅकेटची शिवण बघायला. गुहा आता पर्यटकांना दाखवतात; खाली गाईड मुलीनं दिलेलं हेल्मेट तिच्या डोळ्यांवर यायला लागलं, तेव्हा पदराची टाचणी काढून तिनं त्याचा पट्टा आवळला. गाईडनं गुहा दाखवली, काजळलेलं छत दाखवलं, आणि म्हणाली, "आता मोठ्यानं ओरडून बघा, मजा येते."

लोकांनी आपापली नावं ओरडून घेतली. एका जाड्या गृहस्थांनी बायकोला लाडाच्या नावानं हाक मारली आणि मग बायकोचा मार खाल्ला. सगळे गप्प झाल्यावर मावशी गुहेच्या तोंडाशी गेली.

"आई, भूक लागली."

तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, रोज, स्वयंपाकघरातून. हुबेहूब माझ्या आईचा. लोक हसले. मावशी वळून म्हणाली, "चल वर."

चढायला पाऊण तास गेला. आईला काही ऐकू आलं नसावं, असंच मी मनात घोकत होते. मावशीचं खरं ठरलं असतं आणि ती हट्ट जिंकून घरी आली असती. मला तिची काळजी वाटत होती.

वर आई डबा उघडून बसली होती. "भूक लागली म्हणून बोंबललीस, आणि आता उगवतेस होय?"

मावशीनं कठडा धरला. "नीट ऐकू आलं?"

"शेजारी उभं राहून ओरडल्यासारखं. तो कठड्याशी फोटो काढणारा माणूससुद्धा दचकला."

मावशी बाकावर बसली.

"म्हणजे तिचं बरोबर होतं," ती म्हणाली. "आणि मी तिच्याशी बोललेसुद्धा नाही गं."

मग तिनं स्वतःचाच तळहात तोंडावर घट्ट दाबला आणि रडायला लागली, जराही आवाज न करता. माझी आई पहिल्यांदाच काही बोलली नाही. तिनं तो हात हळूच खाली घेतला आणि त्यात घास ठेवला.