खाणीतल्या मासळीची चोरी

माझ्या नोकरीत खून, दरोडे, फसवणूक सगळं होऊन गेलं. पण घरी कुणी जुनी केस सांगा म्हटलं की मला आधी आठवते ती मासळीची चोरी. निवृत्ती जवळ आली होती आणि साक्रीकडच्या एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता, तेव्हाची ही गोष्ट.

त्या भागात दगडखाणी आहेत, पवनचक्क्या आहेत, सौर प्रकल्प आहेत. या उद्योगवाल्यांची एक संघटना होती आणि ती आसपासच्या गावांसाठी उपक्रम राबवायची. आरोग्य शिबिरं, दप्तरवाटप, वृक्षारोपण. फलक नेहमी कामापेक्षा मोठा असायचा, पण काम खोटं नव्हतं. डोंगराखालच्या एका आदिवासी पाड्याजवळ दगड काढून सोडून दिलेली जुनी खाण पाण्यानं भरली होती. संघटनेनं तिला कुंपण घातलं, राहू-कटला माशांचं बीज सोडलं आणि मासे पाड्यातल्या लोकांसाठी आहेत असं जाहीर केलं. पाड्यातलाच एक तरुण पगारी राखणदार म्हणून ठेवला. पहिली मासेमारी मात्र संघटनेच्या अध्यक्षांच्या हस्ते व्हायची होती.

अध्यक्षांना वेळ मिळेना. तारीख पुढे पुढे जात राहिली. शेवटी भर उन्हाळ्यात संघटनेचे समन्वयक मांडवाची जागा बघायला खाणीवर गेले, तर तळाशी उरलेल्या पाण्यात एकही मासा नव्हता. त्यांनी तडक ठाण्यात येऊन लेखी तक्रार दिली आणि संशयित म्हणून राखणदाराचं नाव घातलं. गुन्हा दाखल झाला नाही तर सभासद उपक्रम बंद करून खाण बाहेरच्या ठेकेदाराला देतील, असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्या खाणीसाठी त्यानंच सभासदांचे उंबरे झिजवले होते आणि आता तोंडघशी पडायची वेळ त्याच्यावरच आली होती.

संध्याकाळी खबऱ्याकडून निरोप आला. राखणदाराची बायको आठवडे बाजारात सुके मासे विकताना दिसली होती. आमचे जमादार खूश झाले. त्यांच्या मते तपास संपला होता आणि फक्त मुद्देमाल जप्त करायचा बाकी होता. मी म्हटलं, सुके मासे मुद्देमाल खोलीत ठेवले तर ठाण्याच्या मांजराला आपण आवरणार कसं?

राखणदाराला बोलावलं. खरा चोर खुलासे फार देतो, न विचारलेलंही सांगतो, हा माझा अनुभव. हा मात्र विचारलं तेवढंच बोलत होता. मासे कुणी काढले? बठ्ठा पाड्यानं, म्हणजे सगळ्या पाड्यानं. तू काय केलंस? मीपण धरले. जमादारांनी आवाज चढवला तेव्हा एवढंच म्हणाला, "माले वाटा मियना साहेब, बठ्ठासले मियना." वाटा सगळ्यांनाच मिळाला, एवढंच त्याचं म्हणणं. दरवर्षी तो बायकापोरांना घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जायचा. या नोकरीमुळे पहिल्यांदाच वर्षभर गावात राहिला होता आणि थोरली मुलगी सलग शाळेत गेली होती. हे त्यानं सांगितलं नाही, त्याच्यासोबत आलेल्या पोलीस पाटलांनी सांगितलं. पण दया आली म्हणून तक्रार फाडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन मी स्वतः पाड्यावर गेलो. प्रत्येक छपरावर मासे वाळत होते. लपवाछपवी कसली ती नव्हतीच. लोकांनी सांगितलं की खाणीतलं पाणी तापून मासे मरायला लागले होते. राखणदारानं समन्वयकांना तसं कळवलंही होतं, पण अध्यक्षांची तारीख मिळू दे, असं उत्तर मिळालं. मग त्यांच्या रिवाजाप्रमाणे एक दिवस ठरवून सगळा पाडा पाण्यात उतरला आणि काठावर मासळीचे सारखे वाटे घातले. म्हाताऱ्यांना वाटा, बाळंतिणीला वाटा, बाहेरगावी मजुरीला गेलेल्यांनाही वाटा. राखणदाराची बायको बाजारात विकत होती तो त्यांच्या घरचा वाटा.

पाड्याच्या कारभाऱ्याच्या छपरावर मला दोन ढीग दिसले. एक उघडा, दुसरा जाळीखाली नीट झाकलेला. हा कुणाचा म्हणून विचारलं, तर कारभाऱ्याची आई म्हणाली, "हाऊ कंपनीना वाटा शे. बीज त्यास्नी सोडं ना? कोणी लेवाले उनं नही."

कंपनी म्हणजे संघटना, आणि तिचा वाटा न्यायला कुणी आलं नव्हतं. ज्यांनी चोरीची तक्रार दिली होती, त्यांचाच वाटा ती म्हातारी राखत बसली होती. राखणदाराला हे ठाऊक होतं, पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. चोरीच्या मालाच्या वाटण्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गैरहजर माणसासाठी कुणी काही काढून ठेवल्याचं कधी पाहिलं नव्हतं.

मी समन्वयकांना आणि अध्यक्षांना पाड्यावरच बोलावून घेतलं. म्हातारीनं ढीग पुढे केला. अध्यक्षांनी खाली बसून तो आपल्या उपरण्यात बांधून घेतला. तक्रार मागे घेतल्याचा जबाब तिथेच नोंदवला. राखणदार कामावर राहिला आणि पुढच्या वर्षापासून मासेमारीचा दिवस पाड्यानं ठरवायचा असं ठरलं. अध्यक्षांनी वेळ काढून यायचं.

कायदा कुणाचं काय गेलं हे बघायला शिकवतो. ते कुणी, कसं वाटून घेतलं, हेही बघावं लागतं, आणि ते कागदावर येत नाही. त्यासाठी पायताण घालून घरापर्यंत जावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात राखणदार ठाण्यात पुडकं घेऊन आला. तुमचा वाटा, म्हणाला. मी काय केलं म्हणून माझा वाटा, असं मी विचारलं.

"तुम्ही पाड्यावर ईसन इचारं ना," तो म्हणाला. येऊन विचारलं, एवढ्याचाच हा वाटा.

आयुष्यभर मी कुणाचं पुडकं घेतलं नव्हतं. ते घेतलं आणि ठाण्यातल्या सगळ्यांत सारखं वाटलं. जमादार तेव्हा रजेवर होते. त्यांचा वाटा बाजूला काढून ठेवला.