आंतोन साहेबांचं इंग्रजी

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी मी मेढा सोडलं. एसटी सुटायला आली तरी वडील खिडकीची कड धरून उभे होते. एवढंच म्हणाले, "मोठ्या मानसाला उलटं इचारायचं न्हाई. व्हय म्हनायचं." नोकरी टिकवायचा त्यांना ठाऊक असलेला तो एकच उपाय होता. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांनाही निघताना कुणीतरी असंच काही सांगितलं असेल.

सांगलीबाहेर शेंगतेलाचा नवा कारखाना उभा राहत होता. यंत्रं स्पेनची, आणि ती बसवायला आलेले आंतोन साहेबही तिकडचेच. त्यांचं इंग्रजी कामगारांना मराठीत सांगायला मला घेतलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. इंग्रजीत मी पास होतो, पण ते पुस्तकातलं. साहेब 'येस'ला 'जेस' म्हणत, 'व्हॉल्व्ह'ला 'बाल्ब'. 'शीट' आणि 'चीट' त्यांच्या तोंडी एकच. 'हॉट'मधला ह घसा खरवडून बाहेर यायचा. स्टीमला 'एस्टीम' म्हणाले तेव्हा मात्र मला हायसं वाटलं. आपल्याकडे इस्टेशन, इस्टूल चालतंच की.

बोली संपायला आठवडा असताना बॉयलरची चाचणी निघाली. वाफेच्या व्हॉल्व्हचं मोठं चाक बापूमामांकडे होतं. ते आमचे फोरमन, तासगावकडचे. मॅनेजर मागे उभे. दाबाचा काटा चढत होता आणि त्याच्याकडे बघत साहेब भराभर बोलत होते. पहिल्या दोन सूचना मी सांगितल्या. तिसरीचा अर्थ काही केल्या लागेना. मी तोंड उघडायच्या आत बापूमामांनी "व्हय साहेब" म्हणून चाकाला दोन्ही हात घातले. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

मी बापूमामांचं मनगट धरलं. साहेबांना म्हणालो, मला कळलं नाही, परत सांगा. मॅनेजरांनी सगळ्यांदेखत विचारलं, मग पगार कशाचा घेतोस. साहेब पुढे आले. बापूमामांना हाताला धरून त्यांनी खालच्या लहान तोटीपाशी नेलं, ती उघडायला लावली. आधी नळीतलं पाणी काढा, हीच ती तिसरी सूचना होती. साचलेलं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. त्या पाण्यावर वाफ सोडली असती तर नळी फुटली असती, आणि तिच्यासमोर बापूमामाच होते.

"मलाबी कळलं नव्हतं रं," बापूमामा हळूच म्हणाले. "पन पावन्याला न्हाई कसं म्हनायचं?"

साहेबांनी अर्थ विचारला. मी सांगितल्यावर ते खोक्यावर बसले. म्हणाले, मॅनेजरांच्या इंग्रजीला मीही इतके महिने नुसतं 'जेस, जेस' करत आलोय. मॅनेजर हसले नाहीत, पण मला काढलंही नाही. पुढे साहेब प्रत्येकाकडून काम आधी नुसतं हवेत, रिकाम्या हाताने करून घेत आणि मगच चाकाला हात लावू देत.

साहेब स्पेनला परत गेले, मी कायम झालो. संसार सांगलीत झाला. इथे बायको मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. काय म्हणालात, नीट सांगा, म्हणते. मुलंही तिच्यावरच गेलीत.

मेढ्याला गेलो की थोरला भाऊ बांधाचं, भाऊबंदांचं सांगत बसतो. त्यातली निम्मी माणसं मला आता ओळखीची नाहीत. तो मध्येच थांबून विचारतो, "कळलं न्हवं?" मी मान हलवतो. वहिनी चहा आणतात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नव्या कपबशीत.