परदेशी माणसाची खबर

ती घटना अजूनही माझ्या मनातून जात नाही. हिवाळ्यात कुणी हुरड्याचा विषय काढला की घरचे माझ्याकडे बघून हसतात, कारण मग ती सांगितल्याशिवाय मी उठत नाही.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना पोलीस ठाण्याचा प्रमुख म्हणून माझी बदली नांदेड जिल्ह्यातल्या, तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका लहान गावी झाली. गावाचं आणि माणसांचं नाव मी सांगणार नाही. संशय घेणं हा माझा स्वभावच आहे. बायको म्हणते, दूधवाला उशिरा आला तरी तुम्ही त्याचा जबाब घेता. ते खरं आहे, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळ्यांचे आणि घुसखोरांचे व्हिडिओ फिरत होते. खोटे होते, पण लोकांची माथी भडकवायला पुरेसे होते. शेजारच्या तालुक्यात एका फिरस्त्याला जमावाने बेदम मारलं होतं. अशा हवेत एका सकाळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो स्टेशन डायरीत नोंदवला आणि मला सांगितला. फोन करणाऱ्याने नाव दिलं नव्हतं. "एष्टी स्टँडाजवळ जुन्या डाळ मिलच्या मागं एक परदेशी मानूस लपून राहिलाय. काळा हाय, केस कुरळे हायती, कुनाशी बोलत न्हाई. कालपासनं नुसता गल्लीकडं बघून राहिलाय. लवकर उचला, साहेब, न्हाई तर कायतरी हून बसंल," असं तो म्हणाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा मिलच्या मागच्या ओट्यावर तो माणूस बसलेला होता. उंच, हडकुळा, दाढी पिकलेली. त्याच्याभोवती पाच-सात तरुण पोरं आधीच गोळा झाली होती आणि एकाच्या हातात काठी होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्हाला पंचनामाच करावा लागला असता. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

झडतीत ओळखीचा एकही कागद निघाला नाही. पिशवीत दोन कपडे, अत्तराची बाटली आणि चकचकीत कागदात बांधलेलं बायकी ड्रेसचं कापड होतं. हे सगळंच मला खटकलं. कागदपत्रं नसलेला माणूस एवढं भारी कापड कुणासाठी घेऊन फिरतो? मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं. आमच्या एका तेलुगू येणाऱ्या शिपायाने तेलुगूत विचारून पाहिलं. तो फक्त बघत राहिला. मुका-बहिरा असावा म्हणून मी त्याच्या मागे टेबलावरचा पेपरवेट मुद्दाम पाडला. तो दचकला, म्हणजे ऐकू येत होतं. तो बोलू शकत होता, पण बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, याची मला खात्री पटली. लपवण्यासारखं काहीतरी असल्याशिवाय माणूस इतका गप्प राहत नाही.

दुपारपर्यंत ठाण्याच्या फाटकापुढे माणसं जमू लागली. "पोरं पळवणारा घावला" असं गावभर झालं होतं. मी जिल्ह्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी पथक पाठवतो, त्याला परदेशी नागरिक म्हणून ताब्यात घेऊ, असं उत्तर आलं. तसं झालं असतं तर पुढे तो कुठे गेला असता, सांगता येत नाही.

योगायोगाने त्या दिवशी एका शेतकऱ्याने ठाण्यात ज्वारीची कोवळी कणसं आणून दिली होती. मागच्या अंगणात हवालदारांनी गोवऱ्यांची आगटी पेटवून हुरडा भाजायला घेतला. संशयित उपाशी होता म्हणून त्यालाही उन्हात आणून बसवलं. एका शिपायाने भाजलेलं कणीस त्याच्या हातात दिलं. मी खिडकीतून बघत होतो. बाहेरचा माणूस गरम कणीस हातात आलं की एक तर चटका बसून टाकतो, नाही तर मक्यासारखं दाताने कुरतडतो. आमच्या पुण्याकडच्या एका साहेबांनी तसंच केलं होतं. या माणसाने कणीस तळहातावर उभं धरलं, दुसऱ्या तळव्याने चोळलं, फुंकर घालून कोंडा उडवला आणि नुसते हिरवे दाणे शेजारच्या शिपायापुढे आधी धरले. इथली माणसं हुरडा चोळला की पहिली मूठ दुसऱ्याला देतात. आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने हात पटकन मागे घेतला.

हा माणूस इथलाच होता!

मग माझ्या संशयाचं तोंड दुसरीकडे वळलं. इथल्या माणसाला परदेशी कुणी म्हटलं, आणि का? मी साध्या कपड्यांत आठवडी बाजारात चक्कर मारली. रुजू होऊन मला फार दिवस झाले नव्हते, तोवर गाव मी बीटच्या नकाशावरच पाहिलं होतं. आता चेहरे बघत चाललो. भाजी घेऊन बसलेल्या मराठा आणि हटकर बायका, कापडाच्या दुकानात तेलुगूत हिशेब करणारे कोमटी, लिंगायतांची किराणा दुकानं, तांड्यावरून आलेल्या बंजारा म्हाताऱ्या, पगडी बांधलेला दखनी शीख लोहार. मशिदीमागे निजामाच्या फौजेतून आलेल्या अरबांची जुनी गल्ली होती. तिथे घराघराच्या दारात माझ्या संशयितासारखीच उंच, सावळी, कुरळ्या केसांची माणसं उभी होती. कुणी सायकल दुरुस्त करत होता, कुणी चहा पीत होता. बाजारातलं कुणी त्यांच्याकडे वळूनही बघत नव्हतं. या गावातल्या माणसाला तसला चेहरा परदेशी वाटणंच शक्य नव्हतं. फोन करणाऱ्याने तो शब्द पोलिसांसाठी निवडला होता. नवा अधिकारी त्याला भुलेल, हे त्याला ठाऊक होतं.

निनावी फोनचा नंबर कंपनीकडून तपासला. तो त्याच गल्लीतल्या एका फर्निचरवाल्याचा निघाला. सज्जन म्हणून गावात नाव होतं. मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं आणि काही न बोलता संशयिताच्या समोर बसवलं. दोघांची कपाळं, नाकं एकाच साच्यातली होती. फर्निचरवाला खाली मान घालून रडायला लागला.

"थोरला भाऊ हाय माझा, साहेब," तो म्हणाला. "लई वर्सांपूर्वी आखातात गेला, डायवर होता. अपघातात मानूस मेला, जेल झाली. खबर यायची बंद झाली. लोकायनी इचारलं की मेला म्हून सांगितलं मी. ह्याच्या बायकोनं बी तोच दुखवटा धरला अन् गेली बिचारी. लेक मी वाढवलीय. परवा निकाह हाय तिचा. उदगीरची मानसं हायती, बाप जेलात होता हे कळलं तर सोयरीक मोडंल."

"मग पोलिसांना कशाला बोलावलंत?"

"दोन-तीन दिस कुटं तरी नेऊन ठिवतान असं वाटलं. मारहान व्हावी असं न्हवतं माझ्या मनात."

मी चिडलो, खूप चिडलो. पण तेवढ्यावर ते संपत नव्हतं. त्यांच्या लोकांत बाप हयात असताना त्याच्या परवानगीशिवाय मुलीचा निकाह लागत नाही. धाकट्याने भाऊ जिवंत असल्याचं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी तो स्वतः वली म्हणून, म्हणजे संमती देणारा पालक म्हणून, बसणार होता. आपण कोण हे उघड झालं तर लेकीचं लग्न मोडेल हे थोरल्याला कळत होतं, म्हणूनच त्याने मुकेपण पत्करलं होतं. कागदपत्रं तो नांदेडच्या लॉजवर ठेवून आला होता, हे मला नंतर कळलं. कापड लेकीसाठी होतं. लांबून तिची पाठवणी बघायची आणि परत जायचं, एवढाच त्याचा बेत.

गुन्हा काहीच नव्हता, त्यामुळे जिल्ह्याचं पथक मी फोन करून थांबवलं; त्याला सोडणं भाग होतं. पण फाटकापुढचा जमाव आता दाट झाला होता. मी धाकट्याला स्पष्ट सांगितलं, "बाहेर जाऊन लोकांना सांगा, हा कोण आहे. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही."

आम्ही तिघं पायऱ्यांवर आलो. धाकटा तोंड उघडेना. पुढचा एक पोरगा ओरडला, "साहेब, परदेशी हाय का न्हाई सांगा, आमी बघून घेतो!"

तेव्हा थोरला बोलला. दिवसभरात पहिल्यांदा. भावाला वाचवायला तो म्हणाला, "हाव बापू, मी भायेरचाच मानूस हाव. ह्या गावात माझं कुनीबी न्हाई. जातो मी, लई तरास दिला तुमाला."

मग मागून एक म्हातारा हसला, "आरं, भायेरचा मानूस असं बोलत असतो व्हय?" दोघं-चौघं हसले. काठीवाल्या पोराने काठी खाली टेकवली. आणि धाकटा त्या पायऱ्यांवर भावाच्या गळ्यात पडून मोठ्याने म्हणाला, "माझा भाऊ हाय! थोरला भाऊ हाय माझा!"

उदगीरकरांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं गेलं. थोडी कुरकुर झाली, पण सोयरीक टिकली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी ठाण्यात आली. वडिलांची पिशवी न्यायची होती. पोच लिहून देऊन ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"साहेब, पोलिसायला फोन कुनी केला हे तुमाला म्हाईत असंल."

मी तिने दिलेली पोच फाइलला लावायला घेतली.

"चाचानं केला असंल तर मला सांगू नका," ती म्हणाली. "मला दोघंबी पाहिजेत निकाहला."

खबर देणाऱ्याचं नाव कुणालाही सांगायचं नाही, हा नियम मी नोकरीभर कायदा म्हणून पाळला. तो मला मनापासून पटला तो त्या सकाळी. मी तिला म्हणालो, "फोन निनावी होता, बेटी." तिने मान हलवली, पिशवी छातीशी धरली आणि ती गेली.