पुंजाजीच्या हाताचा गुण

गावात कुणाची मेंढी लंगडली की पुंजाजी धनगराला बोलावणं यायचं. तो तिचा पाय मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि आखडलेली शीर अंगठ्यानं मोकळी करायचा. पुढं माणसंही येऊ लागली. त्याच्या हाताला गुण होता हे खरं, पण मिजासही तेवढीच. डॉक्टर म्हणजे हात न लावता फोटो काढणारा माणूस, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

त्याची लेक शिवकन्या कबड्डी खेळताना पडली आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ते काही अंगठ्याचं काम नव्हतं. नांदेडला ऑपरेशन झालं, पोरगी घरी आली. थोड्या दिवसांनी त्याच पायाची पोटरी सुजली, कडक झाली, तापली.

"दवाखान्यात फोन लावा. सूज आली तर कळवा म्हणले व्हते," सिंधूबाई नवऱ्याला म्हणाली.

"काहून? शीर आखडली, दुसरं काय! मी हाये ना."

त्यानं तेल कोमट केलं आणि चांगला जोर लावून पोटरी चोळली. पोरगी कळवळली, पण बापाच्या हातावर तिचाही भरवसा होता. सकाळी उठून बसली आणि तिनं छाती धरली. श्वासच पुरेना.

मी शेजारी, म्हणून गाडी मी काढली. नांदेडच्या वाटेवर वारंगा फाट्यापर्यंत मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. सिंधूबाई सारखी लेकीला हाका मारत होती.

"पाय चोळला का कुणी?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," शिवकन्या धापा टाकत म्हणाली.

"म्या चोळला," पुंजाजी म्हणाला.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला. चोळल्यानं सुटला असेल, एवढंच ते म्हणाले. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. आताच काही सांगता येत नाही, असंही ते म्हणाले.  पुंजाजीनं आपले हात घोंगडीत लपवले.

संध्याकाळी तिची धाप जरा कमी झाली. आम्हाला आत सोडलं तेव्हा तिनं हात पुढं केला.

"आबा..."

पुंजाजी जागचा हलला नाही. मग हळूच नर्सकडं वळला.

"ताई, हात धरू का तिचा? काही व्हनार न्हाई ना?"