मैदान म्हणालं तर सुटते

आमच्या दाजींच्या हाती कारभार दिला असता, तर जगातलं एकही युद्ध निकाली झालं नसतं. सगळी बरोबरीत सुटली असती आणि दोन्ही राजांना फेटे बांधून घरी पाठवलं असतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहणार म्हसवडच्या अलीकडच्या एका गावात. धंदा म्हणाल तर शेती, पण त्यांना नुसतं शेतकरी म्हटलेलं खपत नाही. ते कुस्तीचे निवेदक आहेत. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जत्रेचं मैदान कुठलंही असो, हलगी कडाडली की तिच्यावर दाजींचा आवाज चढतो. अडचण एवढीच, की मैदान संपलं तरी निवेदन संपत नाही. अक्का भाकरी करायला बसली की हे उंबऱ्यातून सुरू होतात, ‘‘भाकरी तव्यात पडलेली हाय, उलटणार, उलटणार, उलटली! टाळ्या झाल्या पायजेत!’’ अक्का म्हणते, ‘‘आवं, जरा गप बसा की, करपंल ती.’’ मी सांगलीला शाळेत मास्तर आहे. दोन दिवस दाजींकडे राहून आलो, की पुढे आठवडाभर माझ्या वर्गातली पोरं कुजबुजत असल्यासारखी वाटतात.

सगळा जन्म मैदानात गेल्यामुळे दाजींनी स्वतःचं एक शास्त्र बनवलं आहे. त्यांच्या मते कुठलंही भांडण दोघांचं नसतं, तिघांचं असतं. दोघे भांडणारे आणि तिसरे बघणारे. ‘‘मास्तर, कुस्ती लांबली की दोन्ही गड्यांना दम लागलेला असतो. दोघांच्याबी मनात असतं, सुटंल तर बरं. पर म्हणायचं कसं? जो म्हणंल त्याची अब्रू गेली. मग मैदान म्हणतं, सोडवा. पंच हात धरून बाजूला करत्यात. दोघंबी फेटा बांधून ताठ मानंनं घरी जात्यात. मैदान कशासाठी असतं? नुसतं शिट्ट्या मारायला न्हाई.’’ हे शास्त्र ते वाटेल तिथे वापरतात. एकदा त्यांच्या भावकीतले दोघे बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, काठ्या निघाल्या, सगळी वस्ती बघायला जमली. दाजी आले आणि त्यांनी भांडणाऱ्यांना हातसुद्धा लावला नाही. जमलेल्यांनाच दरडावलं, ‘‘पाठी फिरवा सगळ्यांनी! कुणी बघायचं न्हाई!’’ दाजींच्या आवाजापुढे कोण बोलणार? लोकांनी पाठी फिरवल्या. भांडणाऱ्यांनी आणखी दोनचार शिव्या दिल्या, पण त्यात काही राम उरला नव्हता. थोड्या वेळाने एकजण काठी टेकून खाली बसला आणि दुसऱ्याने त्याच्याकडे तंबाखू मागितली.

त्यांचा खरा राग टीव्हीवरच्या निवेदकांवर. गावातल्या सलूनमध्ये टीव्ही दिवसभर चालू असतो. सीमेवर जरा काही खुट्ट झालं, की त्यातली माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागतात. अशा वेळी दाजी अर्धवट दाढी झालेल्या तोंडाने उठून टीव्ही बंद करतात. ‘‘ह्यो निवेदक न्हवं! निवेदकानं कुस्ती सांगायची असती, लावायची नसती. ह्याला एक डाव कळत न्हाई आन् आख्खं मैदान पेटवतोय.’’ मी एकदा म्हटलं, ‘‘दाजी, दोन देश म्हणजे काही दोन पैलवान नव्हेत. आणि लोक सोडवा म्हणतात तसे हाणा म्हणूनही ओरडतात की!’’ दाजींनी माझ्याकडे करुणेने बघितलं. ‘‘वरडणारच. वरडत्यात कोण, त्ये बघा. ज्याच्या घरचा गडी लाल मातीच्या हौद्यात उतरलाय, त्यो कवा वरडत न्हाई. त्याच्या घशाला कोरड पडलेली असती.’’

हे बोलणं अंगावर येण्याची वेळ काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आली. अक्काचा एकुलता एक मुलगा फौजेत आहे. त्या भागात हे नवल नाही, घरटी एखादा तरी असतोच. पोरगं जत्रेला सुट्टीवर यायचं होतं. सीमेवर गोळीबार सुरू झाला, सुट्टी रद्द झाली आणि मग त्याचा फोनच लागेना. मी सांगलीहून निघून आलो. अक्का फोन पदरात घेऊन चुलीपुढे बसली होती. दाजी निवेदन करत नव्हते. त्या घरात भाकरी इतक्या मुकाट्याने उलटलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला भीती वाटली. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोरगं ते. शेजारच्या घरातून टीव्हीवरची आरडाओरड ऐकू यायची आणि प्रत्येक शब्द आमच्या घरात येऊन पडायचा.

जत्रेच्या दिवशी दाजी जातील असं मला वाटलं नव्हतं. गेले. भगवा फेटा बांधून माईकपुढे उभे राहिले. कुस्त्या नेहमीसारख्या झाल्या. शेवटच्या जोडीआधी एका पुढाऱ्याने माईक मागून घेतला आणि असं काही भाषण ठोकलं, की हलगीवाल्याचाही हात थांबेना. ‘‘आता बास झालं! पाकिस्तानबरोबर एकदाच होऊन जाऊ दे! निकाली!’’ मैदान उसळलं. शिट्ट्या, टोप्या, धुरळा. पोरं ओरडायला लागली, ‘‘दाजी, तुमी म्हणा, तुमी म्हणा!’’ दाजींनी माईक घेतला. मला वाटलं, हा माणूस आता रडतो की काय. पण आवाज खणखणीत होता.

‘‘मंडळी, निकाली म्हणताय. लय चांगलं. निकालीत एक गडी खाली जातो, ही गोष्ट तुमाला सांगायला नको. आता ज्यांच्या ज्यांच्या घरचा गडी आज तिथं उभा हाय, त्यांनी डोक्यावरचं हातात घिऊन उभं ऱ्हावं.’’ आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा फेटा उतरवला. चाळिशीपासून दाजींना पार टक्कल आहे. फेट्याशिवाय ते घरामागच्या परड्यातसुद्धा जात नाहीत. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. इकडे एक म्हातारा उठला, तिकडे दोघे भाऊ उठले, मग रांगाच्या रांगा उठायला लागल्या. हातात टोप्या, मुंडाशी, टॉवेल. मघाशी गळा फाटेस्तोवर ओरडणारे बहुतेक सगळे खालीच बसलेले होते आणि आता उभ्यांच्या तोंडांकडे बघत होते. हलगी थांबली. ‘‘आता मैदानानं सांगावं,’’ दाजी म्हणाले. मग मागून कुणी म्हाताऱ्याने घोगऱ्या आवाजात म्हटलं, ‘‘सोडवा.’’ आणि मग सगळं मैदान म्हणालं. बसलेलेही म्हणाले. पुढारी काही म्हणाला नाही, पण टाळी त्यानेही वाजवली. त्याला मतं लागतात.

पुढे काही दिवसांनी खरोखरच गोळीबार थांबला आणि पोराचा फोनही आला. गोळीबार कुणामुळे थांबला याबद्दल जगात अनेक मतं असतील, आमच्या दाजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ‘‘मैदानानं सोडवली!’’ मी म्हटलं, ‘‘दाजी, दिल्लीला ऐकू गेलं म्हणायचं का हे?’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘भोंगा उत्तरंकडं त्वांड करून बांधला व्हता.’’

पावसाळा सरता सरता पोरगं सुट्टीवर आलं. त्या दिवशी दाजींचा आवाज मात्र दगा देऊन गेला. स्टँडवर एसटीतून ते उतरलं तेव्हा हे नुसते त्याची पिशवी हातात घेऊन उभे राहिले. संध्याकाळी अंगणात जेवणं झाली. अक्का पोराच्या पाठीवरून हात फिरवत होती. दाजी एकाएकी म्हणाले, ‘‘मास्तर, मी इचार केला. एका बाजूनं म्हणून कुस्ती कवा सुटलेली न्हाई. समोरच्याची माणसं गप बसली तर पंच हात लावत न्हाईत. म्हंजे तिकडंबी कुणीतरी म्हणालं असणार.’’

‘‘असेल,’’ मी म्हटलं.

‘‘असंल काय? हायच. त्याचंबी पोरगं तिथं असणार. त्यानंबी चार माणसांत डोकं उघडं केलं असणार.’’ ते आत गेले आणि नवा कोरा फेटा घेऊन आले. मला वाटलं, पोरासाठी आणलाय. त्यांनी तो मांडीवर ठेवला, घडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘तिकडच्याला बांधायचा ऱ्हायलाय.’’

तो फेटा अक्काच्या कपाटात तसाच आहे. दर जत्रेच्या सकाळी ती तो बाहेर काढते, ऊन दाखवते आणि पुन्हा घडी घालून ठेवते.