पानफुटीची पोच

कचेरीत अर्ज निकाली निघतात, किस्से नाहीत. ते साचत जातात. निवृत्त होताना मी कपाट, किल्ल्या, आवक-जावकची रजिस्टरं असा सगळा चार्ज दिला. किस्से कोणी मागितलेच नाहीत. त्यातले हे, रेकॉर्ड कीपर नानाजींचे.

नानाजी आंधळगावचे. त्यांना मुतखड्याचा त्रास, म्हणून बायकोनं परसात पानफुटी लावली होती. बायको गेली, पानफुटी राहिली. नानाजी रोज दोन पानं चावून येत आणि दोन खिशात आणत. ऑफिसात कोणाला गरज पडली तर असावीत. एकदा खुणेसाठी त्यांनी एक पान फाइलीत ठेवलं. महिन्यानं साहेबांनी फाइल उघडली, तर पानाच्या कडेला मुळांसकट चार रोपं!

"नानाजी, हे काय?"

"साहेब, महिनाभर कोणी हातच नाही लावला फाइलले."

*

कॉलेजचे एक वनस्पतिशास्त्राचे सर दाखल्यासाठी आले. टेबलावरचं पान पाहून म्हणाले, "ही मूळची मादागास्करची. आपल्याकडे परकीच."

नानाजी तापले. "वर्षाच्या मायनं आपल्या हातानं लावली. परकी काहून होईन?"

अव्वल कारकून कुंदाताई मान वर न करता म्हणाल्या, "मंग जावई कायले परका?"

वर्षा ही नानाजींची एकुलती मुलगी. तिनं डेहराडूनच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. त्या दिवशी नानाजींनी कोणालाच फाइल शोधून दिली नाही. एरवीही फारशा सापडत नसत.

*

एके दिवशी नानाजींनी माझ्यासमोर पाकीट ठेवलं. "पत्ता तुम्ही लिहा. माझं अक्षर पाहून वर्षा फोडणार नाही."

आत फक्त एक पान.

"पत्र कुठं आहे?"

"पत्रात काय लिहू?"

कुंदाताईंना राहवलं नाही. "एवढी वर्षं नोकरी केली तुम्ही. पत्राशिवाय नुसतं सोबत जोडलेलं कोणी पाठवते काय?"

"मी पाठवून राहिलो न."

*

उत्तर आलं नाही. वर्षभरानं नानाजींच्या मोबाइलवर जावयानं एक फोटो पाठवला. कुंडीतून निघालेली पानफुटी नालीच्या कडेनं थेट शेजाऱ्याच्या भिंतीत जाऊन रुजली होती. खाली लिहिलं होतं, "बाबूजी, पड़ोसी हटाने को बोल रहा है. वर्षा हाथ नहीं लगाने देती."

"हे तर अतिक्रमण झालं," मी म्हणालो.

नानाजी फोटो बोटांनी मोठा करून पाहत होते. "नियमित करून टाकू," ते म्हणाले.

*

मग पाकीट आलं. वर्षाच्या अक्षरातलं. आत एक पान, कडेला कोंब फुटलेलं. पत्र नाही.

"पोरगी तुमचीच," कुंदाताई म्हणाल्या.

नानाजींनी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. कारण: पोच देणे. ठिकाण: डेहराडून.

कुंदाताईंनी अर्ज परत सरकवला. "सोबत काय, ते लिहा."

नानाजींनी अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यांनी लिहिलं: साडी एक. शर्टपीस एक.